संबंधानंतर अंगावरून रक्त गेल्यास काय पाहावे, कोणाला दाखवावे, काय विचारावे

कंबरदुखीसाठी आलेल्या एका बाईंशी बोलून झाले, गोळ्या लिहून झाल्या, त्या खुर्चीवरून उठल्या, दाराच्या पडद्यापर्यंत गेल्या आणि पडद्याची कड हातात धरून मागे वळत हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, एक सांगायचं राह्यलं जी. संबंध आला का थोडंसं लाल जाते अंगावरून.’’ केव्हापासून, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘दिवाळीपासून.’’ त्या वेळी होळी आठ दिवसांवर आली होती.

नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी बहुतेक वेळा असेच, दारात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून ऐकले आहे. ज्या तक्रारीसाठी मुद्दाम यायला हवे होते ती जाता जाता सांगितली जाते आणि कित्येकदा पडद्यापाशीही सांगितली जात नाही. ज्यांना ती अजून कोणापुढे बोलता आलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

संबंधानंतर रक्त जाण्याची बहुतेक कारणे साधी असतात आणि त्यांवरचे उपचारही सोपे असतात, त्यामुळे रक्त दिसताच मन थेट कर्करोगापर्यंत नेण्याचे कारण नाही. मात्र आपले कारण साधे आहे की नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही, जावेच्या किंवा मैत्रिणीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही आणि सोनोग्राफीच्या अहवालावरूनही पुष्कळदा ठरवता येत नाही. त्यासाठी पिशवीचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, कोणीतरी चांगल्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते. या लेखातले बाकी सारे विसरले तरी चालेल, पण ही तपासणी राहू देऊ नये.

रक्त दिसल्यावर घरी काय करावे

रक्त किती आणि सोबत काय होते आहे, ते सर्वांत आधी पाहावे. तासाभरात एक मोठे पॅड पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, घेरी येत असेल, ओटीपोटात असह्य कळ असेल किंवा अंगात ताप असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. पाळी चुकलेली असताना रक्त गेले आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, तर बाहेर दिसणारे रक्त चमचाभर असले तरी ते किरकोळ समजू नये. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल तर नळी फुटून पोटाच्या आत रक्तस्राव होतो, आणि खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची खूण असू शकते. दिवस गेल्याचे माहीत असेल, तर थोडे रक्त दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत वार खाली असण्याची शक्यता असते आणि ती सोनोग्राफीने तपासल्याशिवाय आतून हात घालून तपासणी करायची नसते.

असे काही नसेल, तर स्वच्छ पॅड किंवा सुती कापड घेऊन पडून राहावे आणि थोडे बारकाईने पाहावे. रक्त लालभडक आहे की तपकिरी, नुसता डाग आहे की धार, पांढऱ्या पाण्यात मिसळलेले आहे का, त्याला घाण वास आहे का, हे लक्षात ठेवावे. ते योनीमार्गातूनच येते आहे, याची खात्री करणेही गरजेचे असते, कारण मूळव्याधीचे रक्त, लघवीच्या जागेचे रक्त आणि योनीतले रक्त कपड्यावर सारखेच दिसते. लघवी झाल्यावर पुढून, शौचानंतर मागून आणि मग योनीमुखाशी वेगवेगळा कापूस टेकवून पाहिला की बहुधा उलगडा होतो. क्वचित रक्त पतीच्या वीर्यातून आलेले असते. पुढच्या वेळी निरोध वापरल्यास तेही कळते आणि मग तपासणी पतीची करावी लागते.

तारीख मात्र लिहून ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो, तशी त्या दिवसाच्या चौकटीत एक बारीकशी खूण पुरे आहे, बाकीच्यांना ती कळणारही नाही. पाळीचा पहिला दिवस आणि ही खूण शेजारी शेजारी दिसली की डॉक्टरांचे अर्धे काम होते, कारण पाळीच्या आदल्या दोन दिवसांतले रक्त आणि पाळीनंतर पंधराव्या दिवशीचे रक्त यांचा अर्थ सारखा नसतो. एकदाच असे झाले आणि पुन्हा झाले नाही तरी पुढच्या काही दिवसांत दाखवून यावे. दुसऱ्यांदा झाले, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटलेले असताना झाले, तर टाळाटाळ करू नये.

तपासणी होईपर्यंत संबंध टाळावा. डेटॉलच्या किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण त्याने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते आणि योनीतले उपयोगी जिवाणू मरतात. औषधाच्या दुकानातून रक्त थांबवण्याच्या किंवा पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणून घेणे त्याहून वाईट. त्या गोळ्यांनी काही दिवस रक्त थांबते, बाईला वाटते बरे झाले, आणि मूळ कारण जिथल्या तिथे वाढत राहते.

रक्त येते कुठून

योनीमार्गाच्या टोकाला गर्भाशयाचा खालचा, निमुळता भाग उतरलेला असतो. बोटाला तो नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो आणि त्याच्या मधोमध एक बारीक छिद्र असते, ज्यातून पाळीचे रक्त येते. हेच पिशवीचे तोंड. त्याच्या बाहेरच्या बाजूवर गालाच्या आतल्या त्वचेसारखे अनेक थरांचे जाड आवरण असते, तर छिद्राच्या आतल्या बाजूला एकाच थराचे, चिकट स्राव तयार करणारे पातळ आवरण असते. ही दोन आवरणे जिथे मिळतात ती सीमा वयानुसार सरकत असते, आणि संबंधानंतरच्या रक्ताची बरीचशी कथा या सीमेवर घडते.

तरुणपणी, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे आतले पातळ आवरण बाहेरच्या बाजूला पसरते. ते लाल, मखमलीसारखे दिसते आणि धक्का लागला की त्यातून सहज रक्त येते. याला डॉक्टर इरोजन किंवा एक्ट्रोपियन म्हणतात आणि बाईला सांगताना ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही जखम नव्हे. आतली त्वचा बाहेर दिसणे एवढाच त्याचा अर्थ. पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, व्यवस्थित असेल आणि त्रास फारसा नसेल तर त्याला उपचारही लागत नाही. त्रास होत असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी दुसरे साधन सुचवले जाते, किंवा तेवढाच भाग अतिथंड करून गोठवला अथवा विजेच्या उष्णतेने जाळला जातो. ‘जखम’ ऐकून मात्र घरात सगळ्यांचे धाबे दणाणते, आणि तिथूनच काही घरांत पिशवी काढण्याची भाषा सुरू होते. त्याविषयी पुढे सांगते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे पॉलिप, म्हणजे मोड. पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावणारी, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, मऊ गाठ असे त्याचे रूप असते आणि चाळिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये तो अधिक दिसतो. पडद्यापाशी थांबलेल्या त्या बाईंना हाच होता. चिमट्यात धरून अलगद पीळ दिला की तो बहुधा देठापासून सुटतो, टाके लागत नाहीत आणि बाई तासाभरात घरी जाते. काढलेला मोड प्रयोगशाळेत पाठवायलाच हवा. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो, तरी कागदावर तसे लिहून आले पाहिजे.

संसर्ग हे कारण लोकांना बोलायला सर्वांत अवघड वाटते. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास यांसारख्या जंतूंनी पिशवीच्या तोंडाला सूज येते, ते लाल होते, कापूस टेकवला तरी पाझरू लागते. सोबत पिवळसर किंवा हिरवट पाणी जाणे, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे असू शकते. क्लॅमिडियाची मात्र बऱ्याच बायकांना काहीच जाणीव होत नाही, आणि उपचाराविना राहिल्यास नळ्या खराब होऊन मूल राहण्यात अडचण येते. येथे पतीचा किंवा जोडीदाराचा उपचार त्याच वेळी झाला पाहिजे, नाहीतर औषध संपल्यावर महिन्याभरात बाई पुन्हा त्याच तक्रारीने येते. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतर किमान सात दिवस संबंध ठेवू नये. हा संसर्ग कोणाकडून आला, या प्रश्नावर घरात वादळ उठते याची मला कल्पना आहे. जंतू लक्षणांविना दीर्घकाळ राहू शकतात, त्यामुळे अहवालावरून तारीख आणि दोष ठरवता येत नाही, हे मी दोघांनाही समोर बसवून सांगते. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाच्या केंद्रांत या आजारांचा सल्ला आणि औषधे मोफत आणि गुप्तता राखून मिळतात. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोगही विसरून चालत नाही. पाळी फार कमी येणे, मूल न राहणे आणि बारीक ताप यांची जोड असेल तर डॉक्टर त्या दिशेने तपास करतात.

पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये कोरडेपणा हे फार मोठे कारण आहे आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीची त्वचा पातळ, कोरडी आणि कमी लवचिक होते, संबंधाच्या वेळी ती चरते आणि रक्त येते. मूल अंगावर पीत असताना, किंवा शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय काढले असल्यास हेच कमी वयात घडते. पन्नाशीच्या बाईने हे सांगितले की घरची माणसेच काय, कधी कधी डॉक्टरही ‘आता या वयात कशाला’ असे बोलून जातात. तसे बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाण्यावर आधारित वंगण जेली संबंधापूर्वी लावल्याने बराच फरक पडतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावे. खोबरेल तेल अनेकजणी वापरतात, पण निरोध वापरत असल्यास तेलाने रबर कमकुवत होऊन तो फाटतो. आणि एक गोष्ट ठामपणे: पाळी जाऊन बारा महिने झाल्यानंतर आलेले रक्त, कोरडेपणाचे वाटले तरी, तपासल्याविना कोरडेपणाचे मानायचे नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत पाहावी लागते आणि ती वाढलेली असेल तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

इजा होऊनही रक्त येते. पहिल्या संबंधात थोडे रक्त येऊ शकते आणि मुळीच येत नाही असेही होते. त्यावरून मुलीविषयी कोणताही निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही. घाईने, पुरेशी तयारी नसताना किंवा जबरदस्तीने झालेल्या संबंधात योनीच्या टोकाशी चीर पडून रक्ताची धार लागू शकते आणि तिला तातडीने टाके घालावे लागतात. बाळंतपणानंतर शिवण भरण्यापूर्वी, किंवा पिशवी काढल्यानंतर आतले टाके भरण्यापूर्वी संबंध आल्यास हाच धोका असतो; निदान सहा आठवडे आणि पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके अधिक थांबावे. जबरदस्ती झाली असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. बलात्कारपीडितेवर विनामूल्य प्रथमोपचार व उपचार करणे शासकीय व खासगी अशा सर्व रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि 181 या महिला मदत क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. जबरदस्ती पतीने केली असली, तरी 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे.

तांबी बसवल्यावर पहिले काही महिने मधूनच डाग दिसतात, गर्भनिरोधक गोळी चुकली तरी दिसतात. पिशवीतील गाठी, अंग बाहेर येऊन त्यावर पडलेले व्रण, रक्त पातळ करणारी औषधे आणि रक्त न गोठण्याचे आजार ही कारणेही डॉक्टरांच्या यादीत असतात. त्यामुळे चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

कर्करोगाविषयी

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आढळतो, आणि संबंधानंतर रक्त जाणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. सोबत घाण वासाचे पाणी जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणे, आणि आजार पुढे गेल्यावर कंबरेत व पायांत दुखणे, पायावर सूज, वजन घटणे ही लक्षणे येतात. जवळजवळ सर्व प्रकरणांत त्यामागे एचपीव्ही हा विषाणू असतो; त्याच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांकडे जगभरातील सुमारे 70 टक्के प्रकरणे जातात. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सार्वत्रिक आहे की एकाच जोडीदाराशी आयुष्य काढलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. बहुतेकींचे शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्यात तो चिकटून राहतो त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये हा काळ कमी असतो, म्हणून त्यांनी तपासणी अधिक वेळा करावी.

एवढी वर्षे हातात असताना आपल्याकडे बायका पुढच्या टप्प्यात येतात, याचे मला फार वाईट वाटते. आधीच्या टप्प्यात, कर्करोग होण्यापूर्वीचे बदल असताना, लहानशा उपचाराने तो भाग काढता येतो, पिशवीही वाचते. एचपीव्हीविरुद्धची लस 9 ते 14 या वयात दिली तर सर्वाधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वाव्हॅक’ ही भारतीय लसही आता उपलब्ध आहे. लस घेतली असली तरी पुढे तपासणी चुकवायची नसते, आणि रक्त जात असेल तर लस घेतल्याचे समाधान मानून थांबायचे नसते.

तपासणीच्या वेळी

प्रशिक्षणाच्या काळात माझ्याकडून झालेली एक चूक मी विसरलेले नाही. संबंधानंतर रक्त जाते म्हणून आलेल्या बाईंच्या हातात बाहेरून केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल होता, त्यावर सारे व्यवस्थित असल्याचे लिहिले होते, रांग मोठी होती, आणि मी आतून न पाहता लोहाच्या व संसर्गाच्या गोळ्या लिहून त्यांना पाठवले. आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा पिशवीच्या तोंडावर फुलकोबीसारखी गाठ उघड दिसत होती. सोनोग्राफी गर्भाशय, अंडाशय, अस्तर छान दाखवते. पिशवीच्या तोंडाचा पृष्ठभाग, त्यावरचा लाल डाग, बारीक मोड, सुरुवातीची गाठ ती दाखवेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी नुसती सोनोग्राफी लिहून दिली, तर संकोच न करता विचारावे, ‘‘डॉक्टर, पिशवीचे तोंड आतून पाहाल का?’’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तपासणी अशी होते. आधी लघवी करून यायला सांगतात. टेबलावर पाठीवर झोपून गुडघे वर करून पाय बाजूला घ्यायचे, कंबरेवर चादर असते. स्पेक्युलम हे चोचीसारखे उपकरण योनीत घालून हळूच उघडले जाते. दाब जाणवतो, पण फार दुखू नये, आणि दुखल्यास थांबायला सांगण्याचा हक्क आपला आहे. थंडीच्या दिवसांत ते कोमट पाण्याखाली धरून मग वापरले तर बाई दचकत नाही. मी तसेच करते. खोल श्वास घेऊन तोंडाने सोडत राहिल्यास स्नायू सैल पडतात. पुरुष डॉक्टर असतील तर परिचारिका किंवा सोबतची बाई खोलीत हवी, हे सांगावे.

पिशवीचे तोंड दिसल्यावर त्यावरून छोट्या ब्रशने पेशी घेतल्या जातात. ही पॅप किंवा एचपीव्ही तपासणी. शासकीय कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी व्हिनेगरची तपासणी केली जाते. तीन ते पाच टक्के अॅसिटिक आम्लात भिजवलेला कापूस पिशवीच्या तोंडावर एक मिनिट धरायचा आणि मग पाहायचे. निरोगी त्वचा गुलाबीच राहते, संशयास्पद भाग घट्ट पांढरा होतो, चुना लावल्यासारखा. बाईला काही कळतही नाही, थोडेसे चुणचुणते इतकेच. हे घरच्या व्हिनेगरने करून पाहण्याचे काम नव्हे, हे मुद्दाम सांगते. पांढरा भाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असेही नाही. त्यानंतर कॉल्पोस्कोप या दुर्बिणीतून पाहून गरज पडल्यास तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, तीच बायोप्सी. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत खरी नाही.

पॅप तपासणीच्या आधी दोन दिवस योनीत औषध ठेवू नये, संबंध ठेवू नये, आणि शक्यतो पाळीचे दिवस टाळावेत. पण रक्त थांबतच नसेल तर थांबण्याची वाट पाहत महिना घालवू नये. आणखी एक बारकावा डॉक्टरांकडूनही निसटतो. पॅप ही तक्रार नसलेल्या बाईची चाळणी आहे. डोळ्यांना गाठ किंवा व्रण दिसत असेल, तर पॅप चांगली आली तरी बायोप्सी झाली पाहिजे.

अविवाहित मुलींनी एक गोष्ट जरूर करावी. आपल्याकडे ‘लग्न झाले आहे का’ एवढेच विचारले जाते आणि ‘नाही’ म्हटल्यावर आतली तपासणी होत नाही, रक्ताचे कारण ‘हार्मोन्स’ ठरते. संबंध आलेला असेल तर डॉक्टरांना एकांतात स्पष्ट सांगावे. आई सोबत असेल तर तिला बाहेर बसवण्याची विनंती डॉक्टरांनीच करावी, असे आपण म्हणू शकता. वय अठराच्या खाली असेल तर कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, तरी उपचार नाकारता येत नाही.

नागपुरात कुठे जावे

पहिल्यांदा घराजवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले तरी चालते. गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय बायकांसाठीच आहे, त्यामुळे तिथे बोलायला अनेकजणींना मोकळे वाटते. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि मिहानमधील एम्स येथे स्त्रीरोग विभाग आहेत आणि तपासण्यांचा खर्च आवाक्यात राहतो. मेडिकलला भंडारा-गोंदियापासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात, म्हणून सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, आणि उन्हाळा असेल तर पाण्याची बाटली व थोडे खाणे सोबत ठेवावे. महिनोन्महिने रक्त गेलेल्या बाईचे हिमोग्लोबिन कमी असते आणि मे महिन्यातल्या उन्हात रांगेत तिला भोवळ येते. कर्करोगाचे निदान झालेच, तर तुकडोजी पुतळा चौकाजवळचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय शहरातच आहे आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था शहरालगत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्रांना आधी भेटावे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर सुरुवात कशी करावी, हे सुचत नसेल तर कागदावर एक ओळ लिहून न्यावी: ‘संबंधानंतर रक्त जाते, इतक्या महिन्यांपासून, इतक्या वेळा.’ तो कागद टेबलावर सरकवला तरी काम होते. गावाकडे असाल तर आशाताईंना सांगावे, त्या केंद्रापर्यंत सोबत येतात.

पिशवी काढा, असे सांगितले तर

‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर तिथेच होकार देऊ नये. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे समोर आल्यावर 2019 मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. एक्ट्रोपियनसाठी, मोडासाठी, संसर्गासाठी पिशवी काढत नाहीत. बायोप्सीचा लेखी अहवाल मागावा आणि तो घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवावा. उलट, खरोखरच कर्करोग असेल तर घाईने साधी पिशवी काढून टाकणे आणखी घातक ठरते, कारण त्या शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी असते, पुष्कळदा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि औषधोपचार लागतात, आणि ते कर्करोग रुग्णालयातच ठरवावे लागते.

उपचारानंतर सूज किंवा चरे भरून येईपर्यंत, म्हणजे डॉक्टर सांगतील तितके आठवडे, संबंध थांबवावा. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार वेळांच्या तारखा त्याच कॅलेंडरवर लिहाव्यात. सारे अहवाल चांगले आले असूनही रक्त पुन्हा दिसले, तर ‘मागे तर नॉर्मल होते’ म्हणून घरी न बसता तेच जुने कागद घेऊन परत यावे आणि या खेपेस ती गोष्ट खुर्चीवर बसल्या बसल्या, सर्वांत आधी सांगावी.